‘आटणे’ आणि ‘आटवणे’ : एका क्रियापदाचा शोध

काही वर्षांपूर्वी आमच्या गावाचा पाण्याचा ताळेबंद तयार झाला. गाव परभणी जिल्ह्यातले, काळ्या भारी जमिनीचे, पूर्णेच्या खोऱ्यातले. ताळेबंद करणारी मंडळी बाहेरची होती आणि अहवाल इंग्रजीत होता. ग्रामसभेत तो वाचायचा म्हणून मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. मराठीचा मास्तर, निवृत्त, गावातच राहणारा; दुसरे कोण सापडणार? बावीस पानांचा अहवाल मी चार दिवसांत मराठीत आणला. येवा, अपधाव, बाष्पीभवन, पुनर्भरण हे शब्द सरकारी मराठीने आधीच तयार करून ठेवले आहेत, त्यामुळे फारसे अडले नाही. अडलो ते एका साध्या क्रियापदापाशी. ते क्रियापद ‘डिप्लीट’. गावाचा भूजलसाठा गेल्या वीस वर्षांत ‘डिप्लीट’ केला गेला आहे, असे ते वाक्य होते.

पहिल्या खेपेला मी सवयीने लिहिले : ‘भूजलसाठ्याचा ऱ्हास झाला आहे.’ शाळेच्या पुस्तकांत असेच असते. ओझोनच्या थराचा ऱ्हास, जंगलांचा ऱ्हास, नैसर्गिक साधनसंपत्तीचा ऱ्हास. मी स्वतः तीस वर्षे मुलांकडून त्यावर निबंध लिहून घेतले. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सहज वाचून दाखवले. ते म्हणाले, “सर, ऱ्हास म्हंजे?” मी म्हणालो, “आबा, म्हणजे पाणी आटलं.” ते जरा थांबले आणि म्हणाले, “आटलं कुठं? उपसलं की.”

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. पुढचा लेख त्या खटाटोपातून झालेला आहे.

आधी त्या इंग्रजी शब्दाचे कूळ पाहू. तो लॅटिनमधून आलेला. ‘प्लेरे’ म्हणजे भरणे. त्याला ‘दे’ हा काढून घेण्याचा, उलटवण्याचा उपसर्ग लागला की भरलेले रिते करणे असा अर्थ होतो. याच ‘प्लेरे’पासून इंग्रजीतले ‘कम्प्लीट’, ‘प्लेंटी’, ‘सप्लिमेंट’ आणि ‘सप्लाय’ हे शब्द निघाले. आता गंमत पाहा. लॅटिनमधला हा ‘प्ले’ आणि संस्कृतातला ‘पूर्ण’ ही एकाच आदिम धातूची लेकरे आहेत. ‘र’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल आपल्याला नवी नाही. म्हणजे ज्या क्रियापदाला मी मराठी प्रतिशब्द शोधत होतो, त्याच्या पोटात आमच्या नदीचेच नाव बसलेले होते. अजिंठ्याच्या डोंगरात उगवून, जिंतूर तालुक्यात येलदरीला अडून, पुढे गोदावरीला मिळणारी पूर्णा. धातूच्या हिशेबाने ‘डिप्लीट’चे अक्षरशः मराठी करायचे तर ‘पूर्णेला अपूर्ण करणे’ असे काहीसे होईल.

या धातूचे मराठीतले गोत मोठे आहे आणि ते सगळे घरातले आहे. नदीला येतो तो पूर. पोळीत भरतो ते पुरण. जेवताना हात आडवा करून म्हणतो ते पुरे. पुरेसे, अपुरे, पुरवठा, पुरवणी, हौस पुरवणे आणि मेलेल्याला पुरणे सुद्धा, कारण तिथेही खड्डा भरायचाच असतो. इंग्रजांचा ‘सप्लाय’ आणि आपला ‘पुरवठा’ हे तर अर्थाने आणि मुळाने असे दोन्हीकडून भाऊ आहेत. मात्र भरण्याच्या या धातूला उपसर्ग लावून रिते करण्याचे क्रियापद इंग्रजीने लॅटिनकडून घेतले, तसे मराठीने कुठून घेतले नाही. रितेपणासाठी आपण दुसऱ्या घराण्यांकडे गेलो.

त्यातले एक घराणे ‘क्षि’ धातूचे. क्षय, क्षीण, अक्षय. इथे एक विरोध लक्षात घेण्यासारखा आहे. इंग्रजीत ‘डिप्लीट’ हे क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाले ते वैद्यकाच्या अंगाने. शिरा फारच भरल्या म्हणून रक्त काढायचे, या उपचाराला ‘डिप्लीशन’ म्हणत. म्हणजे रिते करणे हे औषध होते, करणारा डॉक्टर होता, आणि ते रोग्याच्या भल्यासाठी होते. आयुर्वेदातही रक्तमोक्षण आहे, पण ‘क्षय’ हा शब्द तिथे रोगाच्या बाजूला उभा आहे. धातुक्षय होतो, तो कोणी करत नाही. पुढे टीबीला आपण क्षय हेच नाव दिले. तिथी क्षय पावते, महिना क्षय पावतो. पंचांगवाला क्षय नोंदवतो, घडवत नाही. इंग्रजी शब्द जन्मापासून कर्ता सोबत घेऊन आला आणि आपल्याकडचा शब्द निसर्गनियमासारखा आपोआप चालणारा राहिला. मी ‘ऱ्हास’ लिहून मोकळा झालो त्यामागे ही सवय होती.

संस्कृत व्याकरणाने या धातूत एक बारीक फरक केलेला आहे, तो मला फार उपयोगाचा वाटला. ज्याचा क्षय होऊ शकतो ते ‘क्षय्य’ आणि ज्याचा क्षय करायला हवा ते ‘क्षेय’. पाणिनीने ‘क्षय्य’ हे रूप शक्यतेच्या अर्थापुरतेच राखून ठेवले. वैयाकरण ‘क्षेय’चे उदाहरण देताना पापाचे देतात, पाप संपवायलाच हवे. अक्षय्य तृतीयेतला जोडाक्षराचा ‘य्य’ म्हणून महत्त्वाचा आहे, ती चूक नव्हे. ज्याचा क्षय होऊच शकत नाही अशी ती तिथी. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा घट देतात. हा वैशाख असतो. आमच्याकडच्या विहिरी वर्षात सर्वांत खाली गेलेल्या असतात, आणि अलीकडे तो घट भरायला टँकरचेच पाणी असते. जमिनीखालचे पाणी क्षय्य आहे हे आमच्या आजोबांना ठाऊक होते. आमच्या पिढीने ते क्षेय समजून वागवले.

याच ‘क्षि’च्या घराण्यातला, पण बाजारात गेलेला एक शब्द आहे : खपणे. त्याचे नाते ‘क्षप्’शी, म्हणजे संपवण्याशी जोडले जाते. त्याचे मराठीतले उद्योग पाहून थक्क व्हायला होते. माल खपतो, माणूस शेतात खपतो, लढाईत हजार खपतात, आणि ‘हे आमच्याकडे खपणार नाही’ असा दमही भरता येतो. संपणे, कष्टणे, मरणे, सोसले जाणे हे सगळे एका क्रियापदात. व्यापाऱ्याच्या तोंडी त्याला आनंदाची छटा आली आणि ‘खप वाढला’ ही शुभवार्ता झाली. हा अंक ज्या हातात आहे त्यांनी संपादकांना दिवाळी अंकाच्या खपाबद्दल विचारून पाहावे, तिथे क्षयच हवा असतो. थट्टा सोडा. पण खताच्या गोण्यांचा, बोअरच्या मोटारींचा, केसिंग पाइपांचा खप गेल्या तीस वर्षांत परभणीच्या बाजारात वाढला तो कशाचा तरी क्षय होऊनच, हे या एका शब्दाला माहीत आहे.

आता ‘आटणे’. मराठीत पाण्यासाठी हाच खरा शब्द. नदी आटते, विहीर आटते, गाईचे दूध आटते, माणसाची मायाही आटते. त्याला प्रयोजक रूप आहे : आटवणे. पण ते कुठे वापरतो? दूध आटवायला. बासुंदीसाठी दूध आटवणारी बाई कर्ता असते, चुलीपाशी बसून ढवळत असते, दूध अर्धे झाले ते आपल्यामुळे हे तिला पक्के माहीत असते. ‘आम्ही विहीर आटवली’ असे वाक्य मी अडुसष्ट वर्षांत एकदाही ऐकलेले नाही. व्याकरणात काही बिघडत नाही. फक्त ते कोणी बोलत नाही.

आमच्याच विहिरीचे सांगतो. ती आजोबांनी खणलेली, सात परस खोल. परस म्हणजे उभ्या पुरुषाची उंची. विहिरीची खोली माणसाच्या अंगाने मोजत असत. तिच्यावर मोट होती. बैल धावेवरून खाली उतरत, पाणी थारोळ्यात पडे, तिथून पाटाने शेतात जाई. बैल दमले की मोट थांबे आणि तेवढ्या वेळात विहिरीत पाणी चढे. बैलांचा दम हाच विहिरीचा हिशेब होता, तो कोणी मुद्दाम ठेवलेला नव्हता. वडिलांच्या काळात ऑईल इंजिन आले, मग पाच अश्वशक्तीची मोटार. मोटार दमत नाही. मी नोकरीत असताना, भावाच्या आग्रहाने नव्हे तर माझ्याच पैशाने, विहिरीपासून चाळीस पावलांवर पहिले बोअर मारले. दीडशे फुटांवर पाणी लागले, पेढे वाटले. सात-आठ वर्षांनी ते नुसती हवा फेकू लागले, म्हणून दुसरे मारले, तीनशेच्या पुढे गेलो. दरम्यान विहीर कोरडी पडली होती. आमच्या घरात आणि मी वर्गातही ही हकीकत सांगताना वाक्य एकच असे : “आमची विहीर आटली.”

आबांनी सुचवलेला ‘उपसणे’ हा शब्द मात्र सकर्मक आहे, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. उपसणे हे पूर्वी पुण्यकर्म होते. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की चार-सहा माणसे उतरत, गाळ उपसत, कपारी साफ करत. झरे मोकळे होत आणि विहिरीला पाणी वाढे. उपसल्याने पाणी वाढते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या शब्दात साठलेला होता. माझा तर्क असा की, मोटारी आणि बोअर आले तेव्हा या शब्दाची जुनी पुण्याई त्यांना आयती मिळाली. ‘जितका उपसा तितके झरे मोकळे’ असे म्हणणारे लोक मी पाहिलेत, आणि ते मूर्ख नव्हते. उथळ विहिरीच्या बाबतीत ते खरे होते. आमच्या बेसाल्टच्या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात मुरते. त्याखालच्या अखंड खडकात जे थोडेफार भेगांमधून साठलेले असते ते भरायला फार काळ लागतो. तिथे गाळ नसतो, मोकळे करायला झरेही नसतात. क्रियापद तेच राहिले, आणि खाली ज्यावर ते चालायचे ती वस्तू बदलली.

सरकारी मराठीने या गोंधळात भर घातली, आणि त्याचा दोष एकट्या मराठीचा नाही. देशात भूजलाचा अंदाज करण्याची जी पद्धत १९९७ साली ठरली तिच्यात किती टक्के पाणी उपसले जाते याला ‘भूजल विकासाचा टप्पा’ म्हणत. विकास! म्हणजे उपसा शंभर टक्क्यांवर गेला की विकास शंभर टक्क्यांवर गेला. २०१५ च्या सुधारित पद्धतीत ‘विकास’ काढून तिथे ‘उपसा’ अशा अर्थाचा शब्द आला. अठरा वर्षे हा शब्द अहवालांत राहिला. आपल्या राज्याच्या कायद्याच्या नावात तो आजही आहे : महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. या कायद्यात साठ मीटर ही खोल विहिरीची रेघ आहे. माझे दुसरे बोअर त्या रेघेच्या खूप खाली आहे, हे इथे सांगून टाकतो.

पाणलोटांचे वर्ग करताना मराठीने जे शब्द घेतले ते मात्र विलक्षण आहेत : सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित. वर्षाला जेवढे पाणी उपसण्याजोगे असते त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, आणि त्यापुढे अतिशोषित. मराठी वाचकाला ‘शोषित’ हा शब्द दुसरीकडून माहीत आहे. कामगार चळवळीच्या पत्रकांतून, दलित साहित्यावरच्या लेखांतून, परिसंवादांतून तो आला. तिथे तो कधी एकटा येत नाही. शोषित म्हटले की समोर शोषक उभा असतो, त्याचे नाव घ्यावे लागते. भूजलाच्या नकाशात गावेच्या गावे शोषित म्हणून रंगवलेली आहेत, पण शोषक या शब्दाला नकाशात रंग नाही. विचारधारेचा शब्द उचलला आणि त्याचे निम्मे अंग मागे सोडले.

जाता जाता धरणांचेही. येलदरी असो की जायकवाडी, दुष्काळी वर्षात बातमी येते की ‘जिवंत साठा’ संपला, आता ‘मृत साठ्या’तून पाणी उचलणार. साठा जिवंत आणि मृत असतो, त्याला मारणारा कोणी नसतो.

कर्ता नाहीसा होणे हे आपल्या साहित्यातही दिसते का, हे मी पाहू लागलो. पुन्हा वाचायला घेतले तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आधी समोर आली. शेवटी दुष्काळ येतो, धनगर मेंढरे घेऊन वाडी सोडतात, शाळा ओस पडते, मास्तर एकटा उरतो. वाडी रिती होत जाण्याचे वर्णन मराठी गद्यात याहून सरस मला माहीत नाही. तिथे दोष कोणाचाच नाही, आणि असूही नये. माणदेशच्या त्या माळावर पाणी संपवण्याइतकी ताकदच माणसात नव्हती. पाऊस आला नाही, इतकेच. त्या कादंबरीचे अकर्मक क्रियापद प्रामाणिक आहे. अडचण अशी की, आमच्या पिढीच्या ग्रामीण लेखनाने तीच क्रियापदे उचलली आणि मोटारींच्या काळात वापरली. कथेत नायकाची विहीर आटते, तो आभाळाकडे पाहतो. शेजारच्या बांधावर रात्रभर घुरघुरणारी मोटार कथेत येत नाही. मासिकांतून छापून आलेल्या माझ्या स्वतःच्या दोन-तीन कथा याच जातीच्या आहेत, त्यामुळे नावे घेण्याची गरज नाही.

याउलट महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३). जमीन निकस का झाली याचे उत्तर फुले आभाळाकडे मागत नाहीत. डोंगरावरचा पालापाचोळा आणि शेणमूत पावसाबरोबर शेतात येत असे, ते जंगलखात्याने राने अडवल्यापासून थांबले. याला जबाबदार कोण, तेही ते स्पष्ट सांगतात. उपाय सांगतानाही कर्ता सोडत नाहीत : सरकारने आपल्या पलटणींकडून बांध घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल आणि कस वाहून जाणार नाही. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीचे हे गद्य ‘डिप्लीट’ या अर्थाने पूर्ण सकर्मक आहे. शब्द मराठीत नव्हता म्हणून फुल्यांचे काही अडले नाही.

आमच्या परभणीचे आसाराम लोमटे, ज्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांच्या कादंबरीचे नाव आहे ‘तसनस’. हा आमच्याकडचा बोलीतला शब्द. नुकसान, नासधूस, धूळधाण, सगळे त्यात आहे. आणि तो दोन्हीकडे चालतो : ‘तसनस झाली’ असेही म्हणतात आणि ‘तसनस केली’ असेही. प्रमाण मराठी ‘ऱ्हास करणे’ म्हणायला अडखळते, तिथे बोली अडखळत नाही.

म्हणून ‘मराठीत कर्त्याला पकडणारे क्रियापदच नाही’ असा सोपा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. पैशाच्या बाबतीत बघा. बापाची जमीन पोराने फुंकली, उडवली, मातीमोल केली. ताटातले लाडू कोणी फस्त केले हे विचारायला आई चुकत नाही. जंगलाबद्दल ‘ओरबाडणे’ हा जळजळीत शब्द आहे. आणि पाण्याबद्दलही आहे! ‘मराठवाड्याचं पाणी पळवलं’ ही मथळ्याची ओळ वर्तमानपत्रांनी आम्हाला पाठ करून दिली आहे. जायकवाडीच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून दर तुटीच्या वर्षी वाद होतो. समन्यायी वाटपाची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात आली, त्यावर न्यायालये झाली. त्या वादात आमची बाजू खरी आहे असे मी मानतो. पण भाषेचा विद्यार्थी म्हणून मला एवढे दिसते की नाशिक-नगरचे लोक पाणी पळवतात आणि आमच्या शिवारात मात्र पाणी आटते. पळवणाऱ्याला विभक्ती लागते, आटणाऱ्याला लागत नाही. एकाच गावात, एकाच तोंडी, एकाच चहाच्या टपरीवर ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी असतात.

इंग्रजीला तरी यातून सुटका आहे का? नाही. माझ्या अहवालातले वाक्य कर्मणी होते, ‘केला गेला आहे’. कोणी, ते तिथेही नव्हते. त्याहून मजेची गोष्ट आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत दिसते. तिथे भूजल ‘डिप्लीट’ केले जात नाही, ते आपण होऊन ‘डिप्लीट’ होते. ‘डिप्लीटिंग वॉटर लेव्हल’ हा प्रयोग रोजचा आहे. बहुतेक इंग्रजी कोश हे क्रियापद सकर्मक म्हणूनच देतात. आपण ते अकर्मक केले. मला वाटते आपण इंग्रजीत लिहितो तेव्हाही मनात ‘आटत चाललेली पातळी’ असते. लॅटिनपासून कर्ता घेऊन आलेल्या शब्दाला भारतात येऊन ‘आटणे’ व्हावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढा वेळ घालवला तिच्याकडे येतो. ‘डिप्लीट’ला मराठी शब्द शोधता शोधता मला त्याच्या उलट अर्थाचा शब्द सापडला, आणि त्याला मला इंग्रजी प्रतिशब्द एका क्रियापदात देता येत नाही. तो म्हणजे ‘पुरवणे’, जुन्या अर्थाने. आमची आजी म्हणे, “तेल पुरवून वापर गं.” पुरवून खाणे, पुरवून वापरणे. जे आहे ते हवे तितके दिवस टिकेल असे बेताने चालवणे. यात कंजूषपणा नाही, उपासही नाही. वस्तूची आणि दिवसांची सांगड घालणे आहे. कर्ता पुरता हजर आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्या बायका हाच शब्द वापरतात. रोजगाराच्या कामावर मिळालेली सुकडी, लाल मिलो ज्वारी, सगळे पुरवून खाल्ले. त्याच सांगतात की तेव्हा खायला नव्हते पण आडाला पाणी होते. २०१६ साली रेशनवर धान्य होते आणि आड कोरडा होता. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. आमच्याकडे ती बातमी ऐकून कोणी हसले नाही.

हा शब्द पुढे सरकारी झाला. पाणीपुरवठा, वीजपुरवठा, पुरवठा अधिकारी, पुरवणी मागण्या. पुरवणे म्हणजे आणून देणे, एवढाच अर्थ उरला. आजीच्या अर्थाने ‘पाणीपुरवठा’ म्हणजे पाणी पुरेल असे वापरणे झाले असते. कुठल्याही गावाच्या टाकीवर हा शब्द निळ्या अक्षरांत लिहिलेला असतो, आणि टाकी भरण्यासाठी शेजारी बोअर असते.

स्वयंपाकघरात आणखी एक रीत आहे. डब्यातले तांदूळ संपले तरी ‘संपले’ म्हणायचे नाही, ‘वाढले’ म्हणायचे. बांगडी फुटली की ‘वाढली’. अशुभ तोंडाने उच्चारू नये म्हणून उलटे बोलायचे. ‘भूजल विकास’ हा शब्द मला याच जातीचा वाटतो. फरक इतकाच की घरात ‘वाढले’ ऐकून ऐकणारा पिशवी घेऊन दुकानाकडे जातो.

ग्रामसभेच्या सकाळी मी वाक्य बदलले. ‘ऱ्हास’ काढला, ‘आटले’ काढले आणि लिहिले : ‘गेल्या वीस वर्षांत जेवढं पाणी जमिनीत मुरलं त्यापेक्षा जास्त आपण उपसलं.’ सभेत ते मोठ्याने वाचले. माझ्या मते भाषांतर आता चोख झाले होते, आबाही समोर मान हलवत बसले होते. मागच्या बाजूने एक बाई उठल्या. त्यांना जमीन नाही, त्या दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जातात. त्या म्हणाल्या, “सर, आपण म्हंजे कोण? माझ्याकडं ना रान ना बोअर. मी तर मागचे दोन उन्हाळे डोक्यावर पाणी आणलंय. मला कशाला धरता त्यात?”

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत याचा आपल्याला अभिमान आहे; ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे आपण सर्वनामातच सांगू शकतो. इंग्रजीत ती सोय नाही, हेही मी वर्गात सांगत आलो. त्या बाईंनी दाखवून दिले की माझे ‘आपण’ हे ‘आटले’चेच भावंड होते. ‘आटले’ने कर्ता घालवला होता, ‘आपण’ने तो सगळ्या गावावर सारखा वाटून टाकला. मी उभ्या उभ्याच पेन काढले आणि ‘आपण’च्या जागी ‘बोअरवाल्या आम्ही शेतकऱ्यांनी’ असे लिहिले. ते वाचताना आवाज नीट लागला नाही. पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले, माझा भाऊ त्यात होता. बाकीचे बसून राहिले. नवे बोअर मारायचे की नाही यावर तासभर बोलणे झाले, आवाज चढले. ठराव काही झाला नाही.

महिन्याभराने त्या सभेचे इतिवृत्त पाहायला मिळाले. त्यात त्या तासाभराबद्दल एकच ओळ आहे : ‘पाणीपातळी खालावल्याबाबत चर्चा झाली.’